'जोर', 'शक्ती' आणि 'पीळ' : मूळचा क्लच वाढीव शक्ती पेलतो काय?

१. प्रश्नाचे स्वरूप

इंजिनाची शक्ती वाढविली असता कारखान्यातून बसवून आलेला क्लच ती पेलू शकेल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ यंत्रशास्त्राचा वाटतो. तथापि त्याच्या उत्तराभोवती जो गोंधळ आढळतो, त्याचा बराचसा भाग यंत्रातला नसून शब्दांतला आहे; म्हणूनच तो भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो. धरणगाव परिसरात, किंबहुना सर्व खानदेशात, हा प्रश्न मुख्यतः ट्रॅक्टर व मालवाहू गाड्या यांच्या संदर्भात उद्भवतो. कापसाची ट्रॉली जिनिंगकडे निघालेली असता क्लच गेला, तर तो बदलण्यासाठी बहुधा ट्रॅक्टर मधोमध उकलावा लागतो. खर्च होतोच, हंगामातले दिवस वाया जातात ते निराळेच. शब्दाची चूक येथे महागात पडते.

कारखान्यातून आलेल्या मूळ भागास गॅरेजच्या बोलीत 'कंपनीचा' म्हणतात, ही गोष्टही लक्षणीय आहे. सतराव्या शतकात धरणगावी ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, व अशा वखारीस इंग्रज 'फॅक्टरी' म्हणत. आज त्याच गावी 'कंपनीचा' म्हणजे मूळ उत्पादकाचा, आणि 'फॅक्टरी' म्हणजे माल घडविण्याचे ठिकाण. शब्द जागच्या जागी राहतो आणि त्याच्या भोवतीचे जग बदलते. 'जोर' या शब्दाचेही असेच झाले आहे.

२. 'जोर' शब्दाची व्याप्ती

पाठ्यपुस्तकांत बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती या संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या केलेल्या आहेत. व्यवहारात मात्र 'जोर', 'ताकद' वा 'पॉवर' यांपैकी कोणताही एक शब्द या सर्वांसाठी पुरतो. हे अज्ञानाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. मोट ओढणाऱ्या वा नांगर चालविणाऱ्या बैलांची चाल जवळजवळ ठरलेली असते; तेव्हा एक जोडी दुसरीपेक्षा अधिक शक्तीची आहे म्हणजे ती अधिक बलाने ओढते, इतकाच अर्थ उरतो. पुढे विजेचा पंप आला आणि 'पाच एच.पी.ची मोटार' हा प्रयोग रूढ झाला. या मोटारीचे फेरेही विजेच्या वारंवारतेने जवळपास बांधलेले असतात. दोन ध्रुवांची मोटार मिनिटास सुमारे २,९०० फेरे घेते. फेरे समान असता अश्वशक्ती दुप्पट म्हणजे आसावरील पीळही दुप्पट. तात्पर्य, जेथे वेग स्थिर आहे तेथे 'जोर' हा एकच शब्द पुरेसा होता, आणि अश्वशक्ती हे त्याचे एकच माप पुरेसे होते.

मोटारगाडीत व ट्रॅक्टरमध्ये वेग स्थिर नसतो. तेथे फिरविणारे बल, ज्यास प्रस्तुत लेखात 'पीळ' म्हटले आहे, आणि शक्ती या दोन राशी वेगळ्या पडतात. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. पीळ न्यूटन-मीटरमध्ये व वेग मिनिटाच्या फेऱ्यांत घेतला, तर गुणाकारास ९,५४९ ने भागून शक्ती किलोवॉटमध्ये मिळते.

३. क्लच काय पेलतो?

एकतबकडी कोरड्या क्लचमध्ये घर्षणपट्ट्या लावलेली तबकडी इंजिनाचे फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगांच्या दाबाने आवळली जाते. तिची धारणक्षमता चार गोष्टींवर अवलंबून असते : घर्षणगुणांक, स्प्रिंगांचा दाब, घर्षणपट्टीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लच जास्तीत जास्त जेवढा पीळ निसटू न देता धरून ठेवील तो. या सूत्रात इंजिनाची शक्ती कोठेही येत नाही. घट्ट धरलेल्या क्लचला अश्वशक्ती कळत नाही, केवळ पीळ कळतो.

उदाहरणासाठी सोयीचे आकडे घेऊ. घर्षणगुणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन, त्रिज्या ०.१२ मीटर आणि पृष्ठे २ असल्यास क्षमता ३६० न्यूटन-मीटर येते. इंजिनाचा महत्तम पीळ २४० न्यूटन-मीटर असल्यास ही क्षमता त्याच्या दीडपट झाली. असे आधिक्य उत्पादक मुद्दाम ठेवतो. कारण पट्टी झिजते, तापते, तिच्यावर तेल उडते, आणि पेडल एकदम सोडल्याने क्षणभर पीळही उसळतो.

४. शक्तिवृद्धीच्या दोन रीती

१,६०० फेऱ्यांवर २४० न्यूटन-मीटर पीळ म्हणजे सुमारे ४० किलोवॉट शक्ती. ती ५० करावयाची आहे. पहिली रीत अशी की पीळ तोच ठेवून फेरे २,००० पर्यंत न्यावयाचे. शक्ती चतुर्थांशाने वाढली. क्लचचे आधिक्य मात्र दीडपटच राहिले. दुसरी रीत अशी की फेरे तेच ठेवून, इंधन व हवा वाढवून पीळ ३०० न्यूटन-मीटर करावयाचा. शक्ती तितकीच वाढली, परंतु आधिक्य १.२ पट उरले.

हा फरक नव्या क्लचमध्ये जाणवत नाही. तापलेल्या क्लचमध्ये जाणवतो. उष्णतेने घर्षणगुणांक ०.२२ वर आला असे समजा. क्षमता २६४ न्यूटन-मीटर होईल. पहिल्या रीतीतील २४० न्यूटन-मीटर हा क्लच अजूनही धरील. दुसऱ्या रीतीतील ३०० तो धरू शकणार नाही. एकदा घसरण सुरू झाली की ती स्वतःच वाढते. मिनिटास केवळ १०० फेऱ्यांचा फरक पडला तरी सुमारे २.८ किलोवॉट उष्णता पट्टीवर निर्माण होते, म्हणजे जवळजवळ हजार वॉटच्या तीन इस्त्र्या एकाच वेळी तापाव्यात तितकी. त्यामुळे घर्षण आणखी घटते आणि घसरण आणखी वाढते. चाळीसगावाहून कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढताना पीळ दीर्घकाळ महत्तमाजवळ राहतो, आणि चालकाने अर्धा क्लच दाबून ठेवला तर दाबही कमी होतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे चढतात व गाडीचा वेग मात्र चढत नाही, हे घसरणीचे खात्रीचे चिन्ह होय.

पहिली रीत निर्धोक आहे, असा याचा अर्थ नव्हे. वाढलेल्या फेऱ्यांवरच क्लच जोडण्याची सवय लागली, तर फिरत्या भागांतील ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १,६०० ऐवजी २,००० फेऱ्यांवर ती १.५६ पट होते, आणि जोडणीच्या क्षणीची उष्णताही त्या मानाने वाढते. शिवाय प्रत्येक तबकडीस सुरक्षित फेऱ्यांची मर्यादा असते.

५. क्लच बळकट करण्याविषयी

सूत्रातील प्रत्येक घटक वाढविता येतो. परंतु प्रत्येकाची किंमत दुसऱ्या भागास मोजावी लागते. दाब वाढविला तर पेडल जड होते व क्लचच्या बेअरिंगवर ताण येतो. सिरॅमिक पट्टी बसविली तर ती उष्णता सोसते, पण झटक्याने पकडते. त्रिज्या वाढविण्यास बहुधा फ्लायव्हीलच बदलावे लागते. मुख्य गोष्ट अशी की घसरणारा क्लच हा काही अंशी रक्षकही असतो. तो घसरत नाही तेव्हा पिळाचा धक्का गिअर व आस यांवर पडतो. दुर्बळ दुवा नाहीसा होत नाही, तो केवळ पुढे सरकतो. कायद्याची बाजूही दृष्टीआड करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करण्यास मनाई आहे.

६. निष्कर्ष

मराठीची नामे येथे अपुरी पडत असली, तरी तिची क्रियापदे अपुरी नाहीत. 'गाडी पळते, पण ओढत नाही' असे चालक सहज बोलतो. 'पळणे' यात वेग आहे आणि 'ओढणे' यात पीळ. जो भेद 'जोर' या नामाने पुसला तो या दोन क्रियापदांनी जपला आहे. चाकावरची ओढ गिअरवरही अवलंबून असते, एवढी पुरवणी मात्र जोडली पाहिजे. तुलना एकाच गिअरमध्ये झाली पाहिजे. तेव्हा 'क्लच वाढीव शक्ती पेलेल काय?' या प्रश्नास एकच उत्तर नाही, कारण तो प्रश्नच अपुरा आहे. त्याऐवजी असे विचारावे : या बदलाने इंजिन अधिक पळेल की अधिक ओढील? अधिक ओढणार असेल तर किती, आणि तापलेल्या, अर्ध्या झिजलेल्या क्लचपाशी तितके आधिक्य शिल्लक आहे काय? परिभाषा घडविणाऱ्यांनी नवी नामे शोधण्यापूर्वी बोलीतील क्रियापदांकडे पाहावे. आवश्यक तो भेद पुष्कळदा तेथे आधीच झालेला असतो.