कपाळावरील पट्टी आणि मुलांचे अवधान

अवधानन्यूनता व अतिचांचल्य ही विकृती मुलांच्या मेंदूच्या विकासाशी निगडित आहे. ती असलेल्या मुलास एका जागी बसवत नाही, हाती घेतलेले काम तडीस नेता येत नाही. शाळेत मात्र ते द्वाड वा आळशी ठरते. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांना बेंझेड्रिन दिले असता कित्येकांचे शालेय काम सुधारल्याचे नमूद केले. पुढे उत्तेजक औषधे या विकृतीवरील उपचारांचा मोठा आधार ठरली. तथापि त्यांनी भूक मंदावते, झोपही कमी होऊ शकते. म्हणून औषधाविना उपाय मिळावा, ही पालकांची इच्छा स्वाभाविक होय.

या इच्छेस अनुसरून एक अंगावर बाळगण्याचे उपकरण पुढे आले. झोपताना मुलाच्या भुवयांच्या वर चिकटपट्टी लावावयाची व तारेने जोडलेल्या छोट्या यंत्रातून तीत सौम्य विद्युत्स्पंद सोडावयाचे. हे स्पंद चेहऱ्यातील त्रिशाखी मज्जातंतूस चेतवितात व त्याच्याद्वारे अवधानाशी संबद्ध अशा मेंदूच्या भागांवर परिणाम घडतो, अशी यामागील कल्पना आहे.

लॉस एंजेलिस येथे ६२ मुलांवर याची चार आठवडे चाचणी झाली. खरे उपकरण लावलेल्या गटाचे लक्षणमापनातील सरासरी गुण ३४.१ वरून २३.४ वर आले. प्रवाह नसलेले नकली उपकरण लावलेल्या गटाचे ३३.७ वरून २७.५ वर आले. या आधारे एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, या विकृतीवरील औषध न घेणाऱ्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी त्यास अनुमती दिली.

येथे दुसऱ्या गटाचे आकडे विशेष बोलके आहेत. प्रवाह नसतानाही ६.२ गुणांची घट दिसली. उपचार चालू आहे या भावनेने पालकांची दृष्टी आशावादी होते, आणि काळानुसार लक्षणांतही चढउतार होतात. शिवाय कपाळावर काहीच जाणवले नाही, तर आपले उपकरण नकली असल्याचा तर्क करता येतो. यास्तव लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नेतृत्वाखाली १५० मुलांवर झालेल्या पुढील चाचणीत नकली उपकरणातूनही अत्यल्प स्पंद सोडण्यात आले. तेव्हा दोन्ही गटांत लक्षणांच्या बाबतीत अर्थपूर्ण फरक उरला नाही.

निरुपद्रवी म्हणून असे साधन वापरण्यास हरकत काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. परंतु त्यापायी खर्च होणारे महिने मुलाच्या शालेय आयुष्यातील असतात, आणि उपयुक्त ठरलेला उपचार तेवढा लांबणीवर पडतो. म्हणूनच अशा प्रत्येक नव्या साधनाविषयी पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा, की त्याची तुलना कशाशी केली गेली?