नभोवाणी श्रोतृमंडळाची रीत आणि गावची शाळा

गावापर्यंत बातमी पोहोचविणे ही एक गोष्ट आणि त्या बातमीवर गावाने एकत्र बसून विचार करणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली गोष्ट यंत्राने साधते. दुसरीस माणसांची बैठक लागते, बैठकीस बोलावणारा कोणी लागतो आणि बैठकीत जे ठरले ते लिहून ठेवणारा हात लागतो. ग्रामसुधारणेच्या कार्यात या दोहोंची गल्लत वारंवार होत आली आहे. हा भेद केवळ तर्काने न सांगता मोजून दाखविणारा एक प्रयोग १९५६ साली महाराष्ट्रातच झाला. प्राथमिक शिक्षकास त्याची माहिती असणे अगत्याचे आहे, कारण त्या प्रयोगात जे काम कळीचे ठरले ते गावात सहसा शिक्षकाच्याच वाट्याला येते.

या रीतीचा उगम कॅनडा देशात आहे. तेथील शेतकऱ्यांची घरे एकमेकांपासून दूरदूर असतात आणि हिवाळ्यात बर्फामुळे शेतीची कामे थांबतात. १९४१ साली तेथील नभोवाणी महामंडळ, प्रौढशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि शेतकऱ्यांचा महासंघ या तिघांनी मिळून शेतकरी श्रोतृमंडळांची योजना सुरू केली. हिवाळ्यातील सोमवारी सायंकाळी शेजारपाजारची मंडळी कोणा एकाच्या घरी जमत. आठवड्याच्या विषयाची छापील पुस्तिका त्यांच्याकडे आधीच आलेली असे. कार्यक्रम ऐकून झाला म्हणजे ती चर्चा करीत आणि आपले मत व प्रश्न टपालाने प्रांतिक कचेरीकडे पाठवीत. निरनिराळ्या मंडळांनी काय कळविले त्याचा गोषवारा पुढे नभोवाणीवरूनच सांगितला जाई. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्या योजनेचे चार शब्दांचे सूत्र होते. १९६५ पर्यंत ती चालली. या चारांतील शेवटचा शब्द विसरला तर उरलेले तीन करमणुकीत जमा होतात, हे तेथील चालकांनी नीट ओळखले होते.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्यानंतर तीन वर्षांनी युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्रावरून पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी श्रोतृमंडळांचा प्रयोग हाती घेण्यात आला. त्या वेळी जिल्हा परिषदा अस्तित्वात नव्हत्या; त्या १९६२ साली आल्या. प्रत्येक गावी सुमारे वीस सभासदांचे एक मंडळ, त्यास एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक अशी रचना होती. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे एकूण वीस कार्यक्रम झाले. अर्धा तास कार्यक्रम ऐकावयाचा आणि नंतर तितकाच वेळ त्याविषयी बोलावयाचे. शेती, आरोग्य, साक्षरता, सहकार असे विषय असत. चर्चेतून निघालेले प्रश्न निमंत्रक लिहून पाठवी व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याची धुरा डॉ. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञांकडे होती. ते मूळचे व्हिएन्नाचे. नाझी छळछावणीतून सुटून अमेरिकेस गेलेले. त्यांची तपासणीची पद्धती शिक्षकास सहज समजेल अशी आहे. तीन प्रकारची गावे निवडली गेली. काही गावांत श्रोतृमंडळ होते. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काहींत रेडिओही नव्हता. तिन्ही प्रकारच्या गावांत प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर लोकांना तेच प्रश्न विचारून ज्ञानात किती भर पडली ते पाहिले. एखाद्या वर्गाची सत्रापूर्वी व सत्रानंतर चाचणी घ्यावी आणि ज्या वर्गास शिकविलेच नाही त्याच्याशी ताडून पाहावे, तसाच हा प्रकार.

निष्कर्ष असा निघाला की मंडळाच्या गावांत ज्ञानात ठळक भर पडली. मंडळ नसलेल्या गावांत, मग तेथे रेडिओ असो वा नसो, ती अल्पच राहिली. म्हणजे पेटी गावात आणून ठेवल्याने फारसे काही घडत नव्हते. पेटीभोवती बसण्याची रीत आणल्याने घडत होते. आज ज्या गावात प्रत्येक घरी भ्रमणध्वनी आहे तेथेही हा निष्कर्ष ताजाच वाटेल.

ज्ञानाहून महत्त्वाचे असे आणखी एक फळ या प्रयोगास आले, आणि त्याची योजकांनीही फारशी अपेक्षा धरली नसावी. श्रोतृमंडळे नुसती ऐकून थांबली नाहीत. ती निर्णय करू लागली. कोठे विहिरीचे काम निघाले, कोठे जातिवंत वळू विकत घेतला गेला, कोठे लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या आल्या, कोठे बालवाडी निघाली. निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही काही बाबतींत ही मंडळे सामाईक कामास अधिक वेगाने चालना देऊ शकतात, असे न्यूरथ यांनी नोंदविले.

असे का व्हावे? एकट्याने ऐकलेली गोष्ट मनात राहते आणि बहुधा विरून जाते. दहा जणांत ऐकलेल्या गोष्टीवर कोणी तरी शंका काढतो. शंका निघाली की आपल्या गावची जमीन, आपल्या गावचे पाणी, आपल्या गावचे सावकार यांचा विषय निघतोच. सर्वसामान्य उपदेश अशा रीतीने गावचा होतो. पुढे चार माणसांदेखत जो ‘करू’ म्हणतो त्याला ते केल्यावाचून सुटका नसते, कारण दुसऱ्या बैठकीत त्याला विचारणारे तेच चौघे असतात. शिवाय आपला प्रश्न पुण्यास गेला आणि तेथून आपल्या गावाच्या नावाने उत्तर आले, यात गावास जो मान वाटतो त्याचे मोल कमी लेखू नये. सरकारी खात्याकडून गावाला पुष्कळ काही सांगितले जाते. विचारले क्वचितच जाते.

१९५९ च्या नोव्हेंबरात आकाशवाणीने हीच योजना ‘ग्रामीण श्रोतृमंडळ’ म्हणून देशभर सुरू केली. मंडळांची संख्या हजारांवर गेली, परंतु पुण्याच्या प्रयोगाचे तेज सर्वत्र टिकले नाही. दीडशे गावांकडे जे लक्ष पुरविता आले ते हजारो गावांकडे पुरविता आले नाही. जेथे बिघडलेला संच दुरुस्त होत नाही, पाठविलेल्या प्रश्नास उत्तर येत नाही आणि निमंत्रकाची बदली होते, तेथे मंडळ केवळ दप्तरात उरते. आणखी एक उणीव तर पहिल्यापासूनच होती : पुण्याच्या प्रयोगातील मंडळे मुख्यतः पुरुषांची होती. बालवाडी काढावी असे ठरविणाऱ्या बैठकीत बालकांच्या माता नव्हत्या, ही विसंगती आज वाचताना खटकते.

आज साधन बदलले आहे. माणदेशातील म्हसवड येथे २००८ पासून एका संस्थेचे सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे. तेथे गावचीच माणसे ध्वनिक्षेपकापुढे बसतात. परंतु बहुतेक गावांच्या वाट्यास आलेले साधन म्हणजे भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सअ‍ॅपचा गट होय. अशा गटात निरोप क्षणात पोहोचतो, हा त्याचा गुण निर्विवाद आहे. तथापि त्यात बोलणारे पाचसहाच असतात, मौन म्हणजे संमती की निरोप पाहिलाच नाही हे कळत नाही, आणि ज्या घरी भ्रमणध्वनी एकच असून तो घरधन्याच्या खिशात असतो त्या घरची स्त्री गटात नसतेच. मजुरीस जाणारी कुटुंबे दिवसभर यापासून दूर असतात. गटात निरोप टाकला म्हणजे गावास कळविले, असे मानणाऱ्या शिक्षकाने हजेरीपट घेऊन एकदा ताडून पाहावे : किती मुलांच्या माता या गटात आहेत?

उपाय म्हणून गट बंद करण्याचे कारण नाही; त्याला बैठकीची जोड हवी. समजा, शाळेच्या नळास पाणी येत नाही. विषयाची दोन ओळींची सूचना आणि पुढील बैठकीचा दिवस गटावर जावा. ज्या घरी भ्रमणध्वनी नाही तेथे मुलांकरवी चिठ्ठी जावी. बैठक शाळेच्या ओसरीवर, कामावरून माणसे परतल्यानंतर भरावी. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे श्रोतृमंडळाचा सांगाडा प्रत्येक शाळेजवळ आयता आहे. पाणी भरणारी बाई प्रथम बोलेल अशी तजवीज करावी, कारण नळास पाणी केव्हा येत नाही हे सरपंचापेक्षा तिला अधिक नेमके ठाऊक असते. काय ठरले, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत, हे वहीत लिहून त्याच वेळी मोठ्याने वाचून दाखवावे व मग त्या पानाचे छायाचित्र गटावर टाकावे. पंचायतीकडे अर्ज गेला तर त्याचे उत्तर, नकार असला तरी, पुढील बैठकीत जसेच्या तसे सांगावे.

यात शिक्षकाने अध्यक्षस्थानी बसू नये. पुण्याच्या प्रयोगात अध्यक्ष व निमंत्रक हे दोघे वेगळे होते, ते योग्यच होते. निमंत्रकाने बोलवावे, विषय मांडावा, गप्प बसणाऱ्यास विचारावे आणि लिहावे. वर्गात सतत बोलण्याची सवय जडलेल्या शिक्षकास हे सोपे जात नाही. पहिल्या दोनतीन बैठकींत लांबलेली शांतता त्याला सोसवत नाही आणि तो स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. ती शांतता सोसावी. बदली व्हायची वेळ आली तर वही नव्या शिक्षकाच्या नव्हे, समितीतील लिहिता येणाऱ्या एखाद्या मातेच्या हाती द्यावी.