पिंप भरले, पण शेगडी पेटेना

राहुरी तालुक्यातील एका वाचकभगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या गोठ्यामागील गोबरगॅसचे पिंप पौषाच्या थंडीतही सकाळी चांगले वर आलेले दिसते, कॉक उघडला की नळीतून वायू सुसाटत येतो, आणि तरीही काडी लावली असता शेगडी पेटत नाही, पेटलीच तर ज्योत बर्नर सोडून वर उडते व विझते. तर दोष शेगडीचा समजावा की नळीचा? प्रश्न घरगुती आहे, परंतु त्याचा माग काढीत गेल्यास आपण अशा एका जीवसृष्टीपाशी पोहोचतो की, जिचे कुळ ठरावयास १९७७ साल उजाडावे लागले. सबब हा तपास सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते.

वरवरची कारणे प्रथम निकालात काढू. टाकीतून निघणारा वायू बाष्पाने संपृक्त असतो. रात्री नळी गार पडली की त्या बाष्पाचे पाणी होऊन ते नळीच्या सखल वळणात साचते, आणि ज्योत राहून राहून उसळते व बसते, अथवा मुळीच येत नाही. त्या वळणावरचा पाणी काढावयाचा कॉक सकाळी क्षणभर उघडला की हा दोष जातो. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली असेल तर तिच्या जेटचे छिद्र अपुरे पडते, कारण तेवढ्याच घनफळाच्या गोबरगॅसमध्ये सिलिंडरच्या वायूच्या चौथाईइतकीही उष्णता नसते. बर्नरची तोंडे हायड्रोजन सल्फाइडने गंजतात, ती सुईने मोकळी करावीत. एवढे करूनही शेगडी पेटली नाही, तर तिला दोष देणे सोडून टाकीकडे वळावे.

कारण पिंप वर येते ते वायूच्या दाबाने, त्याच्या ज्वलनशीलतेने नव्हे. चांगल्या चाललेल्या गोबरगॅसमध्ये मिथेन शेकडा ५५ ते ६० असतो व उरलेला बहुतेक भाग कर्बद्विप्राणिद वायूचा. हे प्रमाण उलटले तरी पिंप तितकेच डौलाने वर येईल. मात्र तसल्या वायूची ज्योत इतकी मंद गतीने पसरते की, बर्नरमधून येणारा झोतच तिला उडवून लावतो.

या मिथेनची पहिली नीट ओळख जगाला करून दिली ती पुढे विद्युत्घटाने अजरामर झालेल्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी. नोव्हेंबर १७७६ मध्ये इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी, बोरूच्या बेटांतील चिखल काठीने ढवळून, वर येणारे बुडबुडे त्यांनी पाण्यात उपड्या धरलेल्या बाटलीत गोळा केले आणि पेटवून पाहिले. त्यापूर्वी कार्लो ज्युसेप्पे कांपी नावाच्या धर्मगुरूंनी जमिनीतून निघणाऱ्या अशाच ज्वालाग्राही हवेची वार्ता त्यांना कळवली होती, आणि व्होल्टांनी आपली निरीक्षणे कांपींनाच लिहिलेल्या पत्रांतून मांडली. तथापि पाठ्यपुस्तकांत कांपींना एक ओळही मिळत नाही, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते. विजेच्या ठिणगीने वायू पेटवणारे ‘पिस्तूल’ही व्होल्टांनी बनवले, आज शेगडीवर आपण जो लायटर दाबतो, त्याचा हा पूर्वजच.

परंतु हा वायू करतो कोण? शेणकाल्यात दोन वर्गांचे सूक्ष्मजीव पाठोपाठ राबतात. पहिला वर्ग तंतुमय पदार्थ फोडून त्यांची आम्ले करतो. दुसरा त्या आम्लांतून व त्यांच्यासोबत निघणाऱ्या वायूंतून मिथेन घडवतो. हे मिथेनकर दीर्घकाळ सामान्य जीवाणूच गणले जात. इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनी, सहकारी राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मिथेनकरांचे रायबोसोममधील आरएनए तपासून, १९७७ मध्ये दाखवून दिले की ही मंडळी जीवाणूंच्या गोतातलीच नव्हेत, जीवसृष्टीची ती एक निराळी, स्वतंत्र शाखा आहे. पुष्कळ विद्वानांनी वर्षानुवर्षे या निष्कर्षाकडे पाठ फिरवली. वूस २०१२ मध्ये निवर्तले, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. आपल्या गोठ्यामागे नांदणाऱ्या या जीवांच्या शोधकर्त्याचे नाव आपल्या शाळांतून घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

वाचकभगिनींच्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच आहे. मिथेनकर ३५ अंशांच्या सुमारास जोमाने काम करतात व १५ अंशांखाली फार मंदावतात; आम्लकर मात्र थंडी अधिक सोसतात. हिवाळ्यात गॅस कमी पडतो म्हणून माणूस टाकीत शेण वाढवतो, वर शिळे अन्न घालतो. आम्ले साचतात, मिथेनकर त्यांत गुदमरतात, आणि कर्बद्विप्राणिदाने भरलेले पिंप वर येऊन आपली फसगत करते. गोठा फिनाइलने धुतलेले पाणी टाकीत सोडणे, किंवा दगडीच्या आजारावर प्रतिजैविके दिलेल्या गाईचे शेण घालणे, यानेही हीच अवस्था ओढवू शकते.

हे तंत्र आपल्याकडे मुळीच नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैलापाण्यातून निघालेल्या वायूवर १८९७ मध्ये दिवे लावण्यात आले होते. जशभाई पटेलांचे तरत्या पिंपाचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र १९५० च्या दशकातले. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीने ग्रामविकासात गोबरगॅसला मानाचे स्थान दिले. एवढी परंपरा असताना नव्या योजनांच्या जाहिरातींतून हे तंत्र जणू काल जन्मल्यासारखे मांडले जाते आणि संयंत्रे किती बांधली याचे आकडे अभिमानाने छापले जातात. हिवाळ्यात त्यांपैकी किती पेटती राहतात हा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण बांधकाम गवंडी पुरे करतो, पण टाकीतील जिवंत कारभार रोज कोणीतरी सांभाळावा लागतो.

आता वाचकभगिनींच्या टाकीवर इलाज असा. आठ-दहा दिवस टाकीत काही घालू नये व साचलेला निरुपयोगी वायू उघड्यावर सोडून द्यावा. शेजारच्या चालू संयंत्रातील स्लरीच्या काही बादल्या आणून ओताव्यात. दुधाला विरजण लावावे तसा त्यांचा उपयोग होतो. आम्लता फारच असेल तर चुन्याची निवळी बेताने घालावी. पुढे ताजे शेण व उन्हात तापलेले पाणी समभाग कालवून थोडे थोडे घालीत जावे आणि टाकीभोवती पाचटाचा जाड थर रचावा. वायू पेटतो की नाही याची परीक्षा शेगडीपाशीच, खिडकी उघडी ठेवून करावी, टाकीच्या तोंडाशी कदापि करू नये. हवेत मिथेन शेकडा ५ ते १५ असला की त्याचा स्फोट होतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या पिंपात हवा शिरलेली असण्याचा संभव असतो.