सागरी जलजीवालयातील तापन व सुरक्षितता

सागरी जलजीवालयातील तापन व सुरक्षितता : खाऱ्या पाण्याच्या काचपात्रात उष्ण कटिबंधीय सागरी जीव पाळताना पाण्याचे तापमान ठराविक मर्यादेत राखण्याची व्यवस्था आणि तीत बिघाड झाल्यास जीवांचे व पाळणाऱ्या व्यक्तीचे रक्षण करण्याचे उपाय. या व्यवस्थेचा मुख्य घटक म्हणजे बाजारात हीटर या नावाने मिळणारा विद्युत् तापक होय. तो स्वस्त व वापरण्यास सोपा असला, तरी जलजीवालयातील उपकरणांपैकी ज्याच्या बिघाडाने एका रात्रीत सर्व जीव नष्ट होऊ शकतात, असे ते एक उपकरण आहे.

ऐतिहासिक माहिती : इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांच्या प्रयत्नांतून १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक जलजीवालय उभे राहिले. त्या काळी प्रामुख्याने थंड समुद्रातील जीव ठेवीत. विजेवर चालणारे तापक आणि कृत्रिम सागरी मीठ विसाव्या शतकात उपलब्ध झाल्यानंतरच उष्ण समुद्रातील मासे सागरापासून दूरच्या घरांत पाळणे शक्य झाले. महाराष्ट्रातील जुने सार्वजनिक उदाहरण म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय होय. मुंबईची हवा बाराही महिने उबदार असल्याने आणि समुद्र शेजारीच असल्याने तेथे पाणी तापविण्याचा प्रश्न फारसा येत नाही. पठारावर मात्र परिस्थिती वेगळी असते.

पठारावरील परिस्थिती : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराचे केडगाव हे उपनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मी. उंचीवर व अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे २०० किमी. अंतरावर आहे. हवा कोरडी असल्याने दिवस व रात्र यांच्या तापमानांत मोठा फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीतील थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान १०° से.च्या खाली जाते, तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४०° से.च्या आसपास पोहोचतो. त्यामुळे अशा ठिकाणी सागरी जलजीवालय ठेवणाऱ्यास हिवाळ्यात तापनाची व उन्हाळ्यात शीतनाची सोय करावी लागते. वीजपुरवठ्यातील खंड व विद्युत् दाबातील चढउतार यांचीही त्यात भर पडते. तापकाची शक्ती विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टसाठी बनविलेला तापक २६० व्होल्टवर सुमारे २८ टक्के अधिक उष्णता देतो, तर १८० व्होल्टवर त्याची शक्ती मूळच्या सुमारे ६१ टक्केच उरते.

तापमानाचे जैव महत्त्व : मासे व अपृष्ठवंशी सागरी प्राणी यांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. उष्ण कटिबंधीय प्रवाळभित्तींवरील जीवांना सामान्यतः २४° ते २७° से. तापमान मानवते. तापमान १०° से.ने वाढल्यास चयापचयाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. म्हणजेच जीवाची ऑक्सिजनाची गरज वाढते. त्याच वेळी पाण्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता मात्र घटते. दर हजार भागांत ३५ भाग लवणता असलेल्या संपृक्त समुद्रजलात २५° से.ला दर लिटरमागे सुमारे ६.७ मिग्रॅ. ऑक्सिजन असतो, तर ३०° से.ला तो सुमारे ६.२ मिग्रॅ. उरतो. अशा रीतीने मागणी वाढते व पुरवठा कमी होतो. म्हणून तापमानाची अतिवाढ ही मंद घटीपेक्षा अधिक घातक ठरते. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सहजीवी शैवले अधिक उष्णतेत बाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१० व २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर सागराच्या तापमानवाढीमुळे हे विरंजन घडून आले. [→ प्रवाळ].

तापकाची रचना : सामान्य तापकात काचेच्या बंद नळीत चिनी मातीच्या गाभ्यावर निक्रोम तारेचे वेटोळे गुंडाळलेले असते. नळीच्या वरच्या भागात थर्मोस्टॅट या नावाने परिचित असलेला तापस्थापी असतो. स्वस्त प्रकारात तो द्विधातुपट्टीचा बनविलेला असतो. दोन धातूंचे प्रसरण भिन्न असल्याने पाणी तापताच पट्टी वाकते व विद्युत् मंडल खंडित होते. पाणी निवल्यावर ती पूर्ववत होऊन मंडल पुन्हा जोडले जाते. काही प्रकारांत पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असते. टिटॅनियमाच्या नळीचा तापक फुटत नाही व खाऱ्या पाण्याने गंजत नाही; मात्र त्याला भूसंपर्कन आवश्यक असते व बहुधा स्वतंत्र नियंत्रकही जोडावा लागतो.

बिघाडाचे प्रकार : (१) तापक चालूच राहणे : प्रत्येक वेळी मंडल तुटताना स्पर्शकांमध्ये लहान ठिणगी पडते. हजारो वेळा असे घडल्यावर स्पर्शक वितळून एकमेकांस चिकटतात व तापक बंद होत नाही. इलेक्ट्रॉनीय नियंत्रकातील अर्धसंवाहक घटकही बहुधा मंडल जुळलेल्या स्थितीतच निकामी होतात. (२) तापक बंद पडणे : तार तुटणे, स्पर्शकांवर काजळी धरणे किंवा वीज जाणे ही याची कारणे होत. (३) नळी फुटणे : बाष्पीभवनाने पाण्याची पातळी खाली गेल्यास किंवा पाणी बदलताना तापक चालू राहिल्यास नळी उघडी पडून अतिशय तापते. तिच्यावर पाणी पडताच काच तडकते व विद्युत् भारित तार पाण्याच्या संपर्कात येते. (४) मीठ साचणे : तारेच्या कडेने चढणारे खारे पाणी सुकून मिठाचा थर बनतो. तो दमट झाला की विजेचे वहन करतो व जोडणीत ठिणग्या पडतात.

बिघाडाचे गणित : १ मी. लांब व सुमारे ४५ सेंमी. रुंद आणि उंच अशा पात्रात २०० लि. समुद्रजल असल्यास त्याचे वस्तुमान सुमारे २०५ किग्रॅ. होते व ते १° से.ने तापविण्यास सुमारे ८२० किलोजूल उष्णता लागते. काचेतून व पृष्ठभागावरून होणारा ऱ्हास खोली व पाणी यांच्या तापमानांतील दर अंशाच्या फरकामागे ११ वॉट धरल्यास पुढील अंदाज मिळतात. खोली २०° से.ला असताना २०० वॉटचा तापक चालूच राहिला, तर २६° से.चे पाणी सुमारे १४ तासांत ३२° से.पर्यंत पोहोचते व पुढे ३८° से.कडे झुकते. संध्याकाळी झालेला बिघाड सकाळी लक्षात येईपर्यंत हानी झालेली असते. उलट, खोली १६° से.ला असताना तापक बंद पडल्यास पाणी ६ तासांनी सुमारे २३.५° से.वर व १२ तासांनी सुमारे २१.५° से.वर येते. या दुसऱ्या प्रकारात उपाययोजनेस वेळ मिळतो.

प्रतिबंधक उपाय : वरील गणितावरून पहिला नियम निघतो, तो असा : एका मोठ्या तापकाऐवजी दोन लहान तापक वापरावेत. याच पात्रात ७५ वॉटचे दोन तापक बसविल्यास दोन्ही मिळून खोलीपेक्षा सुमारे १३.५° से. अधिक तापमान राखू शकतात. हे कडाक्याच्या थंडीतही पुरते. त्यांपैकी एक चालूच राहिला, तरी एकटा तो पाण्याला खोलीपेक्षा सुमारे ७° से.हून अधिक तापवू शकत नाही. म्हणजे २०° से.च्या खोलीत पाणी २७° से.च्या आतच राहते. एक बंद पडला, तर दुसरा १६° से.च्या खोलीत सुमारे २३° से. तापमान टिकवितो. प्रत्येक पात्राचा उष्णताऱ्हास निराळा असल्याने थंडीच्या सुरुवातीस तापक काही तास बंद ठेवून, तापमान किती वेगाने उतरते ते पाहून ही निवड करावी.

दुसरा नियम म्हणजे दोन स्वतंत्र तापस्थापी एकसरीत जोडणे. बाह्य नियंत्रक २६° से.वर व तापकाचा स्वतःचा तापस्थापी २७° से.वर ठेवल्यास एकाचे स्पर्शक चिकटले, तरी दुसरा मंडल तोडतो. नियंत्रकाचे संवेदक टोक पक्के बसविणे फार महत्त्वाचे असते. ते पाण्याबाहेर निसटल्यास नियंत्रक खोलीतील थंड हवेचे तापमान मोजतो व तापक अखंड चालू ठेवतो. अशा वेळी केवळ आतला तापस्थापीच जीव वाचवितो.

तापमान पाहण्यासाठी तापकापासून दूर निराळा तापमापक लावावा. तो अल्कोहॉलाचा किंवा इलेक्ट्रॉनीय असावा. पारा विषारी असल्याने पाऱ्याचा वापरू नये. पाणी २४° से.च्या खाली वा २८° से.च्या वर गेल्यास वाजणारी घंटा उपयुक्त असते. तापक पूर्ण बुडालेला व वाहत्या पाण्यात असावा. पाणी बदलण्यापूर्वी सुमारे अर्धा तास तो बंद करावा. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते व मीठ मागे राहते, म्हणून पातळी रोज गोड्या, शुद्ध पाण्याने भरून काढावी. दरवर्षी थंडीपूर्वी तापक बाहेर काढून काच, तार व सांधे तपासावेत. दोन-तीन हिवाळे वापरलेला तापक चालू असला, तरी बदलणे हितावह ठरते.

विद्युत् सुरक्षितता : समुद्रजल हे नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक विद्युत् संवाहक असते. म्हणून सर्व जोडण्यांस योग्य भूसंपर्कन आणि ३० मिलिअँपिअर गळतीला मंडल तोडणारा रक्षक स्विच आवश्यक आहे. तापक व हवेचा पंप वेगवेगळ्या रक्षक मंडलांवर ठेवावेत, म्हणजे तापकातील गळतीमुळे पंप बंद पडून मासे गुदमरणार नाहीत. तारेला खुंटीच्या खाली झुकणारा वळसा द्यावा. त्यामुळे तारेवरून ओघळणारे पाणी खुंटीत न जाता खाली ठिबकते. नळी फुटल्याची शंका येताच प्रथम वीज तोडावी. तोपर्यंत पाण्यात हात घालू नये.

आपत्कालीन उपाय : पाणी तापले असल्यास तापक तोडून हवा वाढवावी व तापमान हळूहळू उतरवावे. पृष्ठभागावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी निवते. १ लि. पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे २,४०० किलोजूल उष्णता लागते. तेवढ्याने २०० लि. पाणी सुमारे ३° से.ने थंड होऊ शकते. पठारावरील कोरड्या हवेत हा उपाय किनाऱ्यावरील दमट हवेपेक्षा अधिक परिणामकारक असतो. बर्फ थेट न टाकता बंद पिशवीतून सोडावा, अन्यथा लवणता घटते.

वीज गेल्यास ऑक्सिजनाची सोय प्रथम व उष्णतेची नंतर करावी. विजेरी घटावर चालणारा हवेचा पंप लावून पात्राभोवती घोंगडी वा गोधडी गुंडाळावी, वर मात्र हवेस वाट ठेवावी. गरम पाण्याच्या बंद बाटल्या तरंगत ठेवता येतात. गरम पाणी पात्रात ओतू नये. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास घटमालेत नाममात्र १,८०० वॉट-तास ऊर्जा असते. १०० वॉटचा तापक सहा तासांत त्यांपैकी ६०० वॉट-तास खर्च करतो, तर २० वॉटचा पंप तेवढ्याच वेळात केवळ १२०. दीर्घ खंडात पंपालाच अग्रक्रम द्यावा.

जीवांची निवड : भारतात अश्मप्रवाळ व समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असल्याने ते समुद्रातून आणून पाळता येत नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास बंदिस्त स्थितीत करण्याचे तंत्र विकसित केले आहे. अशी पैदाशीतील मासळी नवशिक्यास अधिक योग्य होय. समुद्रातून पकडलेल्या प्रत्येक जीवामागे प्रवाळभित्तीवरील एक जीव कमी झालेला असतो; तापकाच्या हयगयीने तो गमावणे ही केवळ आर्थिक हानी नसते.