उन्हाळ्यातले डांगर

लाल भोपळ्याला आपल्याकडे डांगर म्हणतात. माघात टोकलेल्या वेलांची डांगरे वैशाखात उतरतात आणि सगळ्यांची एकदमच उतरतात. मग बाजारात त्यांना कोण विचारतो! तीच भाद्रपदात, पितृपंधरवड्यापर्यंत राहिली, तर गिऱ्हाईक शोधत येते. मधले तीन-साडेतीन महिने कसे काढायचे, एवढाच प्रश्न आहे.

तोडलेले डांगर मेलेले नसते, हे आधी ध्यानात घ्या. ते श्वास घेत असते. त्यातल्या पिठाची साखर होते, साखर हळूहळू जळते, पाणी उडून जाते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा श्वास साधारण दुपटीने वाढतो. मग बटाट्याच्या शीतगृहात ठेवावे, असे तुम्ही म्हणाल. पण तिथली दोन-चार अंशांची थंडी डांगराला बाधते. बाहेर काढले की डाग पडून ते नासू लागते. त्याला मानवतात 10 ते 13 अंश. नगरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते आणायचे कोठून? उष्णता आपल्या हाती फारशी नाही. जखम आणि ओल या दोन गोष्टी मात्र आहेत.

जखमेचा धडा मी स्वतः घेतला आहे. एका वर्षी गावाहून आलेली अकरा डांगरे मी जिन्याखाली एकावर एक रचून ठेवली. मृगाचा पाऊस लागला आणि आठवड्याभरात खालच्या तिघांचे पाणी वाहू लागले. तिन्हींचे देठ उपटलेले होते. उचलताना मीच त्यांना देठाला धरले होते! देठ म्हणजे मूठ नव्हे, ते डांगराचे बूच आहे. ते निघाले की बुरशीला दार उघडे.

म्हणून नख रुतणार नाही इतकी साल कडक झाली आणि देठ वाळून खरबरीत झाला, म्हणजे धारदार विळ्याने दोन-तीन बोटे देठ राखून कापावे. दोन्ही हातांनी खालून उचलावे. आपटू नये, धुऊ तर मुळीच नये. मग आठ-दहा दिवस वाऱ्याच्या सावलीत पसरावे. त्यात साल घट्ट होते, बारीक ओरखडे भरून येतात. थंड देशांत यासाठी खोली तापवावी लागते. आपल्याकडे तो खर्च नाही. उन्हात मात्र ठेवू नका, साल भाजते.

पुढे जागेचा प्रश्न. पत्र्याच्या खोलीपेक्षा धाब्याचे घर केव्हाही बरे. जमिनीवर न ठेवता बाजेवर किंवा फळीवर, खाली कडबा घालून, एकेरी थरात आणि एकमेकांना न टेकवता ठेवावीत. जुन्या बायका शिंक्यात टांगत, त्यात चारी बाजूंनी वारा लागे. थोडी असतील तर अजूनही तोच उपाय उत्तम. दिवसा खिडक्या लावाव्या, रात्री उघडाव्या. ओल्या वाळूच्या विटांची गार पेटी मेथी-पालकाला चांगली. डांगराला ती ओल सोसत नाही.

दर आठवड्याला प्रत्येकाचे बूड आणि देठाची मुळी बोटाने दाबून पाहा. मऊ लागले तर ते लगेच बाजूला काढा. चीर पडलेले किंवा देठ गेलेले डांगर साठ्यात ठेवूच नये. ते त्याच आठवड्यात कापून त्याचे घारगे करावेत.