मासे सोडायचे, पण कुठं?

मैत्रिणींनो, परवा शाळेतून येऊन टेकते न टेकते, तोच आमचा धाकटा म्हणाला, "आई, टाकीतले मासे मुळेत सोडू या ना! बिचारे सुटतील." आमचं नांदे मुळेच्या काठचं. मलाही क्षणभर वाटलं, पुण्यच लागेल. पण मग लोणावळ्याच्या महासीर माशाची गोष्ट आठवली.

1839 साली कर्नल साईक्स या इंग्रजानं या माशाची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे आपली नदी हे त्याचं माहेरच की! पुढे धरणं, घाण आणि बेसुमार मासेमारी यांनी महासीर रोडावत गेला. तेव्हा 1970 च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला वळवण तलावाशी त्याची पैदास सुरू केली. मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची, त्यांत नराचं वीर्य मिसळायचं आणि अंडी स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवायची. तांदळातले खडे वेचावेत तशी खराब अंडी वेचून टाकायची. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. ती बोटाएवढी झाली की तलावांत, नद्यांत सोडायची. केवढी ही निगा!

पण पुढचं ऐका. हीच पिल्लं दूर दक्षिणेत, कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. मात्र कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महासीर होता. पाहुणा तिथं फोफावला आणि घरचा मागे पडला. 2018 साली शास्त्रज्ञांनी या घरच्या माशाची नेमकी जात ओळखली, तोवर तो नामशेष होण्याच्या बेताला आला होता.

जाणत्यांच्या हातून असं होतं, तर आपली काय कथा? टाकीची काच चाटणारा तो काळा सकर मासा नदीत गेला की तिथंच वाढतो आणि इथल्या माशांच्या तोंडचा घास पळवतो. म्हणून टाकी नकोशी झाली तर मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर हौशी शेजारणीला द्या. नदीत, विहिरीत मात्र सोडू नका. नदीचं भलंच करायचं असेल, तर निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी आणि साबणाचं पाणी तिच्यापासून दूर ठेवा. महासीरला स्वच्छ, वाहतं पाणीच लागतं.

आमची टाकी आता शाळेत आहे, बरं का. धाकटा रोज मधल्या सुट्टीत माशांना भेटून येतो!