नाव तेच, मोटार निराळी

वेल्ह्याहून केळदच्या वाटेला लागले की पासली येते. खाचरांतले भात पिवळे पडले होते. अशा ठिकाणी चहाच्या टपरीवर बसून मोटारशर्यतीच्या नियमांवर खल करावा लागेल, असे मला वाटले नव्हते. पण भाच्याचे तोंड सकाळपासून उतरलेले.

आठवड्यापूर्वी तो हौशी लोकांच्या मातीवरच्या शर्यतीत उतरला होता. वर्ग कोणता, तर 'कारखान्यातून आली तशी'. पदरचा एकही बदल करावयाचा नाही. बिचाऱ्याने नियम अक्षरशः पाळला. दोन वर्षे शिकवण्या करून साठवलेले पैसे टायरांत आणि प्रवेशशुल्कात गेले. पहिला आला त्याची मोटार याच्याच नावाची. पण कारखान्यानेच शर्यतीसाठी तिखट करून विकलेली!

"मामा, त्यानं काही बदललं नाही, कबूल. पण कारखान्यानं बदलून दिलं, त्याचं काय?"

मी पडलो मराठीचा मास्तर. शब्दाचा अर्थ लावू गेलो तर निकाल त्या दुसऱ्याच्याच बाजूने जातो; तीही आली तशीच होती!

ही चलाखी जुनी आहे. अमेरिकेत दुकानातून घेतलेल्या मोटारींच्या शर्यती असत. शेव्हरोलेच्या कमॅरोचे ब्रेक त्यांत तापून दम सोडीत. तेव्हा कंपनीने 1988 साली एक युक्ती केली. मागणीपत्रात एक विशिष्ट जोड मागायची आणि वातानुकूलन नको म्हणायचे, की मोठे ब्रेक आणि ताठ शॉक-अब्सॉर्बर बसवलेली गाडी येई. जाहिरातीत याचा उल्लेख नव्हता. ज्याला ठाऊक त्यालाच ती मिळे. आपल्याकडे टाटांनी कोइमतूरच्या जयेमबरोबर 2018 साली टियागो जेटीपी काढली. साध्या पेट्रोल टियागोची अश्वशक्ती 85, हिची 114. पण ही उघड दुकानात होती, साडेसहा लाखांच्या आत. दोहोंत मला हा फरक मोठा वाटतो.

रॅलीवाल्यांनी यावर मोजणीचा उपाय काढला होता. 1982 च्या नियमांत 'अ' गटासाठी वर्षाला 5000 मोटारी बांधाव्या लागत, 'ब' गटासाठी अवघ्या 200. मग काय, कंपन्यांनी दोनशे बांधल्या आणि राक्षस मोकळे सोडले. 1986 साली कॉर्सिकात दोघांचा बळी गेल्यावर तो गट बंद झाला.

शेजारी बसलेले एक म्हातारबुवा हे सारे ऐकत होते. म्हणाले, "आमच्यात आदत बैल निराळा पळतो. दात बघूनच गट लावत्यात. चिखलणीचा बैल अन् शर्यतीचा बैल, दोघं बैलच की! पर एक सांगा, तसली गाडी तुमाला बी मिळत व्हती का?"

भाचा गप्प. मग हळूच म्हणाला, "मिळत होती, आजोबा. परवडत नव्हती."

"मंग त्यो खोटा न्हाई," म्हातारबुवा म्हणाले आणि बिडी पेटवू लागले.

खोटा नव्हे हे मलाही पटले. पण हौशी शर्यतीत खिशालाही गट हवा. दुकानात मिळते म्हणून तिखट मोटारीला बंदी नको. तिचा वर्ग अश्वशक्ती आणि वजन पाहून निराळा करावा, आणि तो प्रवेशाआधी छापावा, निकालानंतर नव्हे. भाच्याने हे आयोजकांना लिहावे, असे मी सुचवले. मसुदा मी तपासून देणार होतो.

"पत्र लिहीन," तो म्हणाला, "पण पुढच्या शर्यतीचा अर्ज कालच भरलाय. त्याच वर्गात."


चहाचे पैसे मी दिले.